वापरात नसलेला किनारा

मुलांनो, बसा. मधेमधे प्रश्न विचारायचे नाहीत. विचारायचेच असतील तर राजाला विचारा, मला नको.

तर एका जंगलाला समुद्र होता. सगळ्याच जंगलांना नसतो, या जंगलाला होता. आणि समुद्राला किनारा होता. लांबलचक, पांढऱ्या वाळूचा, मागे नारळीची झाडं. वरच्या रानातले प्राणी तिकडे फिरकत नसत. वास येतो म्हणायचे.

वास मासळीचा यायचा. किनाऱ्यावर पाणमांजरं, बगळे, कुर्ल्या म्हणजे खेकडे, अशी मंडळी राहायची, आणि ती मासळी वाळवायची. त्यांत एक होती धुरपाबाई पाणमांजरीण. नवरा दोन वर्षांमागे वादळात गेला. पदरात तीन पिल्लं. बाई अंगाने आडवी, आवाजाने उभी. पहाटे पाण्यात बुडी मारायची, पाटीभर बोंबील काढायची आणि ऊन चढायच्या आत वाळत घालायची.

बोंबील कसे वाळत घालतात, ठाऊक आहे? नसेलच. तुमच्या ताटात येतो तो तळलेला. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. एक या बाजूला, एक त्या बाजूला. मग तीन-चार दिवस कडक ऊन आणि मोकळा वारा. बस्स. पावसाचे चार महिने समुद्र खवळलेला असतो, पाण्यात पाऊल घालता येत नाही. तेव्हा हेच बोंबील खाऊन दिवस काढायचे. बोंबील वाळले तर पिल्लं जगतात, नाही वाळले तर नाही जगत. इतकी साधी गोष्ट आहे. म्हणूनच राजाला कळली नाही.

आता किनाऱ्यावरच्या मंडळींची एक रीत सांगते, ती लक्षात ठेवा. किनाऱ्याला कुणी 'माझा' म्हणायचं नाही. कुणाची दोरी कुठे, ते सगळ्यांना पाठ होतं. सासूची दोरी सुनेकडे जायची. दोरी वीतभर सरकली तर दोन दिवस भांडण चालायचं. पण 'ही जागा माझी' असं तोंडाने म्हणायचं नाही. म्हटलं तर समुद्राला ऐकू जातं आणि पुढच्या भरतीला तो म्हणणाऱ्याला घेऊन जातो, असं ती मंडळी मानायची. धुरपाबाई कावळ्यांना शिव्या द्यायची, वाऱ्याला द्यायची, शेजारणीला तर रोजच्या रोज द्यायची. पण हा शब्द तिनेही कधी काढला नव्हता.

इकडे काय झालं, सिंह राजा शेजारच्या राज्यात पाहुणा म्हणून गेला. तिथल्या वाघाने त्याला आपला किनारा दाखवला. तिथे खुर्च्या होत्या, छत्र्या होत्या, झाडांना दिवे गुंडाळले होते. सिंह परत आला तो तोंड पाडूनच. आल्या आल्या त्याने कोल्ह्याला बोलावलं. कोल्हा सल्लागार होता. कशाचा ते त्यालाही माहीत नव्हतं.

"आपल्याला समुद्र आहे का रे?"

"आहे महाराज. पण वापरात नाही."

"म्हणजे काय?"

"तिथे नुसती मासळी वाळते."

"अरेरे," राजा म्हणाला. "कधीपासून?"

"आपल्या पणजोबांच्या आधीपासून. कुणाचं लक्षच गेलं नाही, महाराज."

राजाला फार वाईट वाटलं. त्या दिवशी तो एकच हरीण जेवला.

दुसऱ्या दिवशी कोल्हा कागद घेऊन किनाऱ्यावर आला. नाकाला रुमाल होता. धुरपाबाईने त्याला बसायला उलटी पाटी दिली, नारळाचं पाणी दिलं. पाहुणा तो पाहुणा.

"बाई, ही जागा कुणाची?" कोल्ह्याने विचारलं.

"कुणाचीच नाय," धुरपाबाई ताठ मानेने म्हणाली.

"मग तुम्ही इथे काय करता?"

"बोंबील वाळवते."

"पण जागा तुमची नाही?"

"आमच्यात तसं बोलत नाय. दर्या ऐकतो."

कोल्ह्याने लिहून घेतलं. मग तो शेजारच्या शेवंती कुर्लीकडे गेला. तिने तेच सांगितलं. धोंडू बगळ्याने तेच सांगितलं, वर रीत कशी पाळावी यावर दोन गोष्टी ऐकवल्या. सोळा घरं झाली, सोळाही घरांनी तेच सांगितलं. कोल्ह्याला आयुष्यात इतकं सोपं काम मिळालं नव्हतं. त्याने कागदावर लिहिलं, मालक कोणी नाही, आणि सगळ्यांचे पंजे उमटवून घेतले. सगळ्यांनी हौसेने उमटवले.

थंडी सरायच्या आत काम सुरू झालं. काम चालू म्हणून किनारा बंद. आधी नारळीची पुढची रांग तोडली आणि तिथे शोभेचे माड आणून लावले. त्यांना नारळ येत नाहीत, म्हणून ते महाग. वाळूवर लाल माती टाकली, मातीवर हिरवळ लावली, हिरवळीला गोडं पाणी टँकरने आणलं. मग लाटा आत येऊ नयेत म्हणून भिंत बांधली. भिंतीमुळे समुद्र दिसेना. मग भिंतीवर समुद्र रंगवला. रंगवलेला समुद्र जास्त निळा होता, सगळ्यांना तोच आवडला.

शेवटी दाराशी पाटी लागली. सागरदर्शन उद्यान. सर्वांसाठी खुले. त्याखाली बारीक अक्षरात, ओल्या पायांनी येऊ नये, खाली बसू नये, कशालाही हात लावू नये, वास आणू नये. दारावर शिट्टी देऊन माकडाला बसवलं.

उद्घाटन झालं तेव्हा पाऊस वीस दिवसांवर आला होता. धुरपाबाईच्या मडक्यात एक सुका बोंबील नव्हता. काम झालं, आता किनारा उघडला, असं समजून ती सकाळीच पाटी डोक्यावर घेऊन दाराशी आली. पाटीत ओले बोंबील. पाठीमागे तिन्ही पिल्लं.

माकडाने शिट्टी फुंकली.

"काकी, वास आणायचा नाही. पाटीवर लिहिलंय."

"मला वाचता येत नाय."

"मी वाचून दाखवलं ना आता. वास बाहेर ठेवा आणि आत या."

"वास कसा ठेवू बाहेर? अंगाला आहे माझ्या."

"मग अंग बाहेर ठेवा."

धुरपाबाईने दारातून आत पाहिलं. हिरवळीवर ससे फिरत होते, एक मोर भिंतीवरल्या समुद्रापुढे पिसारा फुलवून फोटो काढून घेत होता.

"आत कोण आहे मग?"

"सर्व."

"आणि मी कोण?"

"तुम्ही स्थानिक."

"मेल्या, तुझा बाप माझ्या सासूच्या ओट्यावर उष्टे बोंबील वेचायचा!"

"काकी, माझ्या हातात काही नाही हो."

"शिट्टी आहे की," धुरपाबाई म्हणाली आणि परत फिरली.

तिने ते बोंबील घराभोवती टांगले. पण घरावर माडांची सावली. सावलीत बोंबील वाळत नाही, सडतो. दुसऱ्या दिवशी त्याला पाणी सुटलं, तिसऱ्या दिवशी अळ्या पडल्या. पाटीच्या पाटी समुद्रात परत टाकली. सोळाही घरांत तेच झालं. धाकटं पिल्लू म्हणालं, "आई, पावसात काय खायचं?" धुरपाबाईने त्याला एक धपाटा घातला.

पाऊस बारा दिवसांवर आला तेव्हा ती दरबारात गेली. साक्षीला शेवंती कुर्ली आणि धोंडू बगळ्याला घेतलं. दरबार होता डोंगरावर, समुद्रापासून कोसभर लांब. वाटेत तिच्या मनात एक गोष्ट घोळत होती आणि तिचं तिलाच भय वाटत होतं.

"बोल बाई," राजा म्हणाला. राजा वाईट नव्हता. राजे वाईट नसतात, त्यांना फक्त जेवून झोप आलेली असते.

"महाराज, बोंबील वाळवायला जागा नाय राहिली. एक दोरी बांधू द्या. पावसात पिल्लं उपाशी मरतील."

"पण तो किनारा तर वापरात नव्हता."

"मी वापरत होते ना!"

कोल्ह्याने कागद पुढे केला. "महाराज, यावर हिचाच पंजा आहे. मालक कोणी नाही."

राजाने कागद पाहिला. मग धुरपाबाईकडे पाहिलं. "जागा तुझी असेल तर तसं सांग. आत्ताच्या आत्ता दोरी बांधून देतो. तुझी आहे का?"

धुरपाबाईला घाम फुटला. पाणमांजराला घाम येत नाही, तरी फुटला. तिला सासू आठवली, सासूची सासू आठवली. मग धाकटं पिल्लू आठवलं.

"माझी," ती म्हणाली. "ती जागा माझी आहे."

शेवंतीने डोळे आत ओढून घेतले. धोंडू आधीच एका पायावर उभा होता, तो दुसराही पाय उचलायला निघाला.

राजा वळला. "काय गं कुर्ली, तू हिची शेजारीण. खरं सांग. जागा हिची आहे?"

"नाय महाराज," शेवंती म्हणाली. "कुणाचीच नाय."

"आणि तू रे?"

"कुणाचीच नाही, महाराज. आमच्यात तसं बोलतच नाहीत. रीतच आहे," धोंडू म्हणाला, आणि पुन्हा त्या दोन गोष्टी सांगायला लागला. त्याला गप्प बसवावं लागलं.

राजा खूश झाला. "वा! शेजारणीच्या विरुद्धसुद्धा खरं बोलली. अशी प्रजा पाहिजे." त्याने शेवंतीच्या पाठीवर पंजा ठेवला. तिचं कवच थोडं चेपलं. धुरपाबाईला त्याने खोटं बोलल्याबद्दल माफ केलं.

तेवढ्यात कोल्ह्याला एक कल्पना सुचली. उद्यानात लोक येत होते, पण दोन चकरा मारून कंटाळत होते. "महाराज, आपण तिथे परंपरा कोपरा करू. ही बाई लुगडं नेसून बसेल, बोंबील टांगून दाखवेल. पाहुण्यांना जुनी पद्धत कळेल."

"आणि वास?" राजाने विचारलं.

"बोंबील प्लॅस्टिकचे असतील, महाराज. धुऊन पुन्हा वापरता येतात. बाईला रोज एक वेळचं जेवण देऊ."

राजाने मान डोलावली. कोल्ह्याने धुरपाबाईकडे पाहिलं.

धुरपाबाईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "बसते."

सगळ्यांना वाटलं, बाई मोडली. तुम्हालाही वाटलं असेल.

परतीच्या वाटेवर शेवंती तिरपी तिरपी मागून येत होती. "धुरपे, रागावू नको गो. खोटं कसं बोलू? तोंडातून येईच ना."

"मी कुठे रागावले? तू खरं बोललीस."

"हो ना?"

"हो. आता चार महिने खरं खा. पोरांनाही घाल. उरलं तर मला वाटीभर पाठव."

शेवंती आणखीच तिरपी चालू लागली. धोंडूने काहीतरी बोलायला चोच उघडली होती, ती त्याने मिटली.

दुसऱ्या दिवशी कोल्ह्याने धुरपाबाईला कोपरा दाखवला. मंडपाच्या आत, पंख्याखाली. प्लॅस्टिकचे बोंबील शेपटीला दोरा बांधून टांगले होते.

"शेपटीने टांगलेत?" धुरपाबाई म्हणाली. "बोंबील आहेत का वटवाघळं?"

"ते महत्त्वाचं नाही."

"नाय कसं? पाहुणे हसतील तुम्हाला. आणि ही जागा काळोखी. मला तिकडे बसवा, उघड्यावर, भिंत संपते त्या टोकाला. वाऱ्याला पदर उडतो, फोटो चांगला येतो."

कोल्ह्याला हे पटलं. फोटो म्हटलं की त्याला पटायचंच. त्याने तिला उद्यानातल्या सगळ्यात तापत्या, वाऱ्याच्या जागी बसवलं.

तिसऱ्या दिवशी ती पाटी घेऊन आली तेव्हा माकडाने नाक मुरडलं.

"काकी, वास येतोय."

"हुबेहूब बनवलेत."

"प्लॅस्टिकला वास कसा येईल?"

"भारीतलं आहे. तुला कळायचं नाय. कलाकाराची वाट अडवू नको."

माकडाने दारावरची पाटी वाचली. कलाकाराबद्दल तीवर काही लिहिलेलं नव्हतं. त्याने तिला सोडलं.

धुरपाबाईने प्लॅस्टिकचे बोंबील काढून कोपऱ्यात लोटले. पुढे पाहुण्यांच्या नजरेला त्यातले दहा-बारा ठेवले, जबड्यात जबडा अडकवून, नीट. मागे पाच दोऱ्या खऱ्या बोंबलांच्या. दिवसभर ती लुगडं सावरत बसली, काठीने कावळे हाकत बसली. कावळ्यांना मात्र प्लॅस्टिकवर बसलेलं कुणी पाहिलं नाही.

पाहुणे दोऱ्यांपुढे थांबू लागले.

"अय्या, वाससुद्धा ठेवलाय!" एक सशीण म्हणाली.

"आमच्या आजीच्या गावाला अस्साच यायचा," दुसरी म्हणाली. तिची आजी डोंगरावरची होती, समुद्र तिने पाहिला नव्हता. तरी तिचे डोळे भरून आले.

चार दिवसांत परंपरा कोपऱ्यापुढे रांग लागली. कोल्हा धावत आला.

"बाई, हा वास कसा काय केलात?"

"जुनी विद्या आहे. सासूने शिकवली."

"सगळ्या उद्यानात पसरेल इतका करता येईल?"

धुरपाबाईने हनुवटीला पंजा लावला. विचार करते आहे असं दाखवलं. "एकटीच्याने नाय व्हायचं. सोळा जणी लागतील. आणि हिरवळीवर दोऱ्या बांधाव्या लागतील."

"बांधा!" कोल्हा म्हणाला. "पण बोंबील सगळे खोटेच पाहिजेत हं. एकही खरा निघाला तर महाराज सगळ्यांना हाकलून देतील, आणि माल समुद्रात."

"छे छे," धुरपाबाई म्हणाली. "खरे कुठून आणणार?"

त्या संध्याकाळी ती बाकीची पंधरा दारं फिरली. उद्यापासून लुगडं नेसून या, पाटी भरून आणा आणि तोंड बंद ठेवा, एवढंच तिने सांगितलं. शेवंतीच्या दाराशी ती जरा जास्त थांबली.

"तुझं तोंड राहील का गो बंद?"

"राहील. पण कुणी विचारलंच तर?"

"विचारलं तर पोरांकडे बघ आणि मग बोल."

सहा दिवस ऊन असं पडलं की वाळू तडतडली. हिरवळीवर दोऱ्याच दोऱ्या, दोऱ्यांवर बोंबीलच बोंबील. हिरवळ मेली, कुणाला कळलं नाही. कोल्ह्याने 'सुगंध कल्पना माझी' असं सगळीकडे सांगून टाकलं. बोंबील लाकडासारखे खडखडीत होत आले. पश्चिमेला ढगाची रेघ दिसू लागली. आता एक दिवस काढला की झालं.

नेमका त्याच दिवशी सिंह वाघाला घेऊन आला. त्याला वाघाचं तोंड पडलेलं बघायचं होतं.

वाघ दोऱ्यांमधून फिरला. नाक फेंदारलं. "ही मासळी खरी आहे."

"खोटी आहे," सिंह म्हणाला.

"मी वाघ आहे. मला कळतं."

"माझ्या राज्यात एवढं खरं काही नाही. बाई, सांग याला."

"खोटी आहे, महाराज," धुरपाबाई म्हणाली. पापणीसुद्धा हलली नाही.

"ही तुझी नोकर. ही असंच सांगणार," वाघ म्हणाला. त्याने पंजा पुढे केला. "मी एक चाखूनच बघतो."

"हात लावू नये," धुरपाबाई म्हणाली. "पाटीवर लिहिलंय."

वाघाने सिंहाकडे पाहिलं. सिंहाला स्वतःचीच पाटी मोडता येईना. तो इकडेतिकडे बघू लागला, आणि त्याला तिसऱ्या दोरीखाली शेवंती दिसली. हिरवं लुगडं नेसलेली, डोळे आत ओढून घेतलेली.

"ही बघ!" सिंह म्हणाला. "ही माझ्या राज्यातली सगळ्यात खरी बाई. हिने भर दरबारात शेजारणीच्या विरुद्ध साक्ष दिली आहे. ही खोटं बोलूच शकत नाही. ये गं पुढे. सांग, यातली खरी मासळी कोणती?"

वारा पडला. सोळाही जणींचे पंजे जागच्या जागी राहिले. धुरपाबाई मधे बोलली असती तर संपलंच असतं.

शेवंतीने डोळे बाहेर काढले. एक डोळा राजाकडे वळवला. कुर्लीचे डोळे वेगवेगळे वळतात, ते एक बरं. दुसरा तिने दाराकडे वळवला. दारापाशी तिची पोरं उभी होती, रांगेने, लहानापासून मोठ्यापर्यंत अकरा.

"एकही खरी नाय, महाराज," शेवंती म्हणाली. "सगळं प्लॅस्टिक आहे. भारीतलं."

वाघाचं तोंड पडलं. सिंहाने तिथल्या तिथे कोल्ह्याच्या गळ्यात हार घातला. 

दुपारी ढग डोक्यावर आले. प्रदर्शन भिजू नये म्हणून सोळाही जणींनी भराभर दोऱ्या उतरवल्या, पाट्या भरल्या आणि दारातून बाहेर नेल्या. माकडाने शिट्टी तोंडात धरून दार उघडं धरलं. चार महिने पाऊस कोसळला. किनाऱ्यावर एकही पिल्लू उपाशी झोपलं नाही. उद्यानाची भिंत तेवढी समुद्राने नेली. ती कुणाची, हे त्याने विचारलं नाही.

तात्पर्य: मुलांनो, नेहमी खरं बोलावं. फक्त आधी मासळी वाळू द्यावी.